पुढच्या चाकांची कडी

मी एक जुनी पिकअप आहे, मित्रांनो, आणि आराम हा शब्द माझ्या नशिबात कधीच आला नाही. दोन हजार चार साली कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. आता माझा रंग कोणता, ते पळस्प्याच्या धुळीलाच विचारा! चारही चाकांना जोर मिळावा अशी माझी घडण. म्हणजे मिरवायला नाही, राबायलाच मला आणले होते.

माझा मालक धनेश. गोवा रस्त्याला लागून त्याची रोपांची नर्सरी. रोज सकाळी मी मोगरा, जास्वंद आणि कसली कसली नाजूक परदेशी झाडे घेऊन खारघरच्या सोसायट्यांमध्ये जायचे. दुपारी उलटी वाट. कर्नाळ्याच्या बाजूला धनेशच्या वडिलांची, दाजींची, डोंगरउतारावर वाडी होती. तिथून कुंड्यांसाठी लाल माती आणायची. डांबर संपले की शेवटी एक चढ लागायचा. पावसाळ्यात तो चढ म्हणजे साबण लावलेला पाटा!

तिथे मी दरवर्षी अडायचे. त्याचे कारण माझ्या पोटात होते. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी पेटी असते, डिफरन्शियल. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. ते तसे फिरू देणे हे त्या पेटीचे काम. पण तिला एक खोड आहे. एक चाक चिखलात सुटे फिरू लागले की ती सगळा जोर त्यालाच देते. घरात जो रडतो त्याला लाडू, आणि शहाणे पोर उपाशी! माझे एक चाक गरगरायचे, दुसरे ढिम्म. वर दाजी ओरडायचे, "गाडी हाय का भोवरा हाय रं?"

मग दोन हजार बारा साली आमच्या आयुष्यात यासीन आला. पनवेलचाच. अकरा वर्षे मस्कतच्या गॅरेजात वाळूत रुतणाऱ्या गाड्या त्याने सुधारल्या होत्या. त्याची मुलगी जास्मीन सहा वर्षांची झाली, तरी ती बापाला फोनमधल्या आवाजावरूनच ओळखायची. म्हणून तो परत आला आणि त्याने स्वतःचे गॅरेज टाकले. सामानात कपडे थोडे आणि लोखंड फार. त्याची आई झुबेदा सगळ्यांना सांगायची, "लोक खजूर आणतात, अत्तर आणतात. आमचा यासीन नट-बोल्ट घेऊन आला!"

गॅरेजात गिऱ्हाईक मात्र येईना. लोक म्हणायचे, वाळवंटातला मिस्त्री, ह्याला आपला चिखल काय कळणार? यासीनने ठरवले होते, दिवाळीपर्यंत वाट पाहायची. नाही जमले तर पुन्हा मस्कत.

धनेश त्याचे पहिले गिऱ्हाईक. यासीनने माझ्या पुढच्या पेटीत लॉकर बसवला. लॉकर म्हणजे पेटीला आतून लावलेली कडी. कडी लागली की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, एकाने सुटे पळायचे नाही. तीन दिवस मी पोट उघडे टाकून पडले होते. शेवटी त्याने समोरच्या फळीवर एक काळे बटण बसवले आणि शेजारी बारीक लाल दिवा.

"धनेशभाय, चढ आला की दाबायचं. दिवा लागेल. पण डांबरावर लागलीच बंद, हां. नाहीतर गाडी वळणार नाय, बैलासारखी सरळ जाईल."

त्या जुलैत मी तो चढ एका दमात चढले. दाजींनी मला गूळ दाखवला! मला त्याचा उपयोग नाही. तो धनेशने खाल्ला. महिन्याभरात आणखी दोन जीपवाल्यांनी यासीनकडे नाव नोंदवले.

मग दसरा आला. धनेशची बायको मालू नर्सरीचा सगळा कारभार बघायची. पूजाही तिचीच. माझे इंजिन बंद होते. तिने स्टिअरिंगला, हॉर्नला, एकेका बटणाला हळद-कुंकू लावले. काळ्या बटणाशी थांबून म्हणाली, "हा नवा पाहुणा, ह्याला जरा जास्त." आणि अंगठा दाबून कुंकू लावले. टक् असा आवाज झाला. वरून तिने झेंडूची जाड माळ सोडली. बटण आणि दिवा दोन्ही माळेखाली गेले.

धनेश मला घेऊन निघाला. चिखलासाठी पुढची चाके त्याने पावसाळाभर इंजिनाला जोडूनच ठेवली होती. गेटपाशी खडीवर चाके घसरली आणि मी कशीबशी वळले. पळस्पे फाट्यावर मात्र पक्के डांबर. त्याने स्टिअरिंग फिरवले, मी सरळच गेले. टायर किंचाळले. समोर कमळाबाईंचे झेंडूचे टेबल होते. त्या बाजूला उडाल्या म्हणून वाचल्या. टेबल वाचले नाही.

"डोळं फुटलं का रं मेल्या! ऐन सणाला माझ्या फुलांवर गाडी घालतोस?"

धनेशने फोन करताच यासीन स्कूटरवरून आला. त्याने माळ उचलली. खाली लाल दिवा जळत होता.

"लॉक चालू आहे," बटण बंद करत तो म्हणाला. "कोणी दाबलं?"

"मी हात पन लावला नाय! तुझा बटनच खोटा, आपोआप चालू होतो!"

"आपोआप कसं होईल, भाय?"

"मंग काय मी खोटा बोलतो?"

धनेश खोटे बोलत नव्हता. यासीनही नाही. मला सगळे माहीत होते. पण मला तोंड नाही, हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्याने दाबायचा.

धनेशने ती गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली, टायरवाल्याला सांगितली, खारघरच्या वॉचमनलाही सांगितली. दोन्ही जीपवाल्यांनी नावे काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मालू मला पुसत होती. बटणावरचे कुंकू पुसताना फडक्याखाली पुन्हा टक् वाजले. पूजेतला तोच आवाज ओळखून तिने बटण परत दाबून बंद केले. तिने एकदा नर्सरीकडे पाहिले. तिथे धनेश एका गिऱ्हाइकाला हातवारे करून तीच कहाणी सांगत होता. ती काही बोलली नाही. तीन दिवस बोलली नाही.

चौथ्या दिवशी धनेश लॉकर काढायला मला गॅरेजात घेऊन गेला. मालूही बसली, बाजारात जायचे म्हणून. यासीन लगेच पान्हा घेऊन माझ्याखाली शिरला. दारात जास्मीन बापाची मोठी रिकामी बॅग ओढत गाडी-गाडी खेळत होती. "बॅग कशाला काढलीस गं?" मालूने विचारले. "अब्बांनी काढली," ती म्हणाली आणि तोंडाने हॉर्न वाजवत पुढे गेली.

मालू खाली उतरली.

"यासीन, थांब. खोलू नको. बटन मी दाबला."

पान्हा थांबला.

"पूजेला. कुंकू लावताना. टक् झाला, मला वाटला, असाच वाजत असंल. दुसऱ्या दिवशी कळला, तरी गप बसले."

"अगो, मंग आधी नाय सांगायचा?" धनेशचा चेहरा उतरला.

"तू सगळ्या पनवेलला सांगून आल्यावर कसा सांगू?"

यासीन खालून सरकत बाहेर आला. कपाळाला ग्रीस. फडक्याला हात पुसत तो उभा राहिला. मग म्हणाला, "भाभी, चूक माझी पण आहे. चालवणाऱ्याला शिकवलं, पूजणारीला नाय शिकवलं." त्याने त्याच दुपारी बटणावर झाकण बसवले, ते उचलल्याशिवाय बटण दाबता येणार नाही असे.

पण मालूचे तेवढ्याने भागेना. ती पुन्हा माझ्यात बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "चल. जिथं जिथं बोललास तिथं तिथं."

मग मी टपरीवर थांबले. टायरवाल्याकडे थांबले. खारघरच्या तीन गेटांवर थांबले. प्रत्येक ठिकाणी धनेश खाली मान घालून उभा, आणि मालू मोठ्याने सांगायची, "मिस्त्रीची चूक नाय, माझी हाय." काही हसले. कमळाबाई हसल्या नाहीत. "टेबल नवा घेऊन दे," म्हणाल्या, आणि मग जरा वेळाने, "बाकी बोललीस ते बरा केलास."

एक जीपवाला परत आला, दुसरा आला नाही. दिवाळी झाली आणि यासीन पनवेललाच राहिला.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा. पण कोणते बटण काय करते, ते आधी विचारा. आणि चुकून दाबले गेलेच, तर त्याच दिवशी सांगा. माझे पोट पान्ह्याने उघडते आणि पान्ह्यानेच मिटते. माणसाच्या नावाला लागलेला डाग पुसायला मात्र दारोदार फिरावे लागते, आणि तरी एखादे दार बंदच राहते.