रिकाम्या डब्यात ऐकलेला ठोका

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी, फिकट तपकिरी रंगाची आणि आता एका बाजूने खरचटलेली मी कानाची मशीन आहे. माझ्या खोक्यावर 'श्रवणयंत्र' असे छापले होते, पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या औंधात मला त्या नावाने कोणी ओळखत नाही. तिथे मी 'मेजरची मशीन'.

माझे मेजर म्हणजे उदयसिंह. खरे तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतून घरी आलेल्या प्रत्येकाला लोक मेजरच म्हणतात. ते तोफखान्यात होते. तोफ डागताना कानात बोळे घालायला सांगत असत. तरुणपणी त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. कानाच्या आत अगदी बारीक केस असतात आणि मोठा आवाज ते मोडून टाकतो. डोक्यावरचे केस परत येतात, हे येत नाहीत. आधी जातात ते उंच, नाजूक आवाज. चिमणीचा जातो, बांगड्यांचा जातो, लहान मुलीच्या बोलण्यातली अक्षरे जातात. जाड, खोल आवाज सर्वांत शेवटी जातात. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला कोणत्या कारखान्यात जोडले ते मला आठवत नाही. पण माझा खरा जन्म साताऱ्यातल्या एका दवाखान्यात झाला. तिथल्या बाईंनी उदयसिंहांच्या डाव्या कानात मऊ गुलाबी लगदा भरला. तो घट्ट झाल्यावर बाहेर काढला, तेव्हा एखाद्या शिंपल्यासारखा दिसत होता. त्या साच्यावरून माझा कानात बसणारा भाग घडवला. जगात इतके कान आहेत, पण मी नीट बसते ती एकाच कानात. मला याचा फार अभिमान होता.

पहिल्या दिवशी उदयसिंह घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी पत्नीला, संयोगिताबाईंना विचारले, हे काय वाजतंय? त्यांनी हात पुढे केला. बांगड्या वाजत होत्या. त्या इतकी वर्षे वाजतच होत्या. उदयसिंह बराच वेळ तो हात हातात धरून बसले. त्यांची मुलगी शिवांजली तेव्हा शाळेत होती. ती पाठीमागे जाऊन हळूच 'पप्पा' म्हणायची आणि त्यांनी वळून पाहिले की घरभर उड्या मारायची. त्या काळात माझे फार कौतुक झाले. रात्री मला मऊ कापडाने पुसून डबीत ठेवत.

मग पुतण्याचे लग्न आले. मांडवात सगळ्यांना फेटे बांधले, उदयसिंहांनाही बांधला. मित्रांनो, माझ्यावर कापड दाबून बसले की माझाच आवाज माझ्याकडे परत येतो आणि मी शिट्टी वाजवू लागते. त्यात माझा इलाज नसतो. अक्षता पडायच्या वेळी मी जी किंचाळले ती थांबेचना. मुले हसली. एक पाहुणा म्हणाला, मेजरच्या डोक्यात कुकर लावलाय. उदयसिंहही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला काढले आणि पदकांच्या शेजारी खणात ठेवून दिले.

मी तिथे वर्षानुवर्षे पडून राहिले. पुढचे जे सांगते ते मी ऐकलेले नाही, कारण खणात मी स्वतःच बहिरी होते. संयोगिताबाईंनी नंतर सांगितले तेव्हा मला कळले.

उदयसिंहांनी मान हलवायला सुरुवात केली होती. समोरचा बोलत असला की ते हसून मान हलवत आणि 'छान, छान' म्हणत. बाहेरच्यांना ते खपून जाई. शिवांजली सांगलीला कॉलेजात गेली, तिथे ड्रम वाजवायला शिकली, चौघांच्या बँडमध्ये वाजवू लागली. सुट्टीत घरी आली की ती वडिलांना ते भरभरून सांगे आणि वडील मान हलवत. मग एका दिवाळीत ती त्यांच्यासमोर बसली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "पप्पा, मी कॉलेज सोडतेय."

उदयसिंह हसले. "लय छान," म्हणाले.

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, ती मला हातात घेऊन. डोळे लाल होते. तिने माझ्यात बॅटरी घातली, मला स्वतःच्या हाताने वडिलांच्या कानात बसवले आणि सांगितले की कॉलेज ती सोडणार नाही. पण संक्रांतीनंतर सांगलीत मोकळ्या मैदानावर रॉक कॉन्सर्ट आहे आणि तिथे ती वाजवणार आहे.

"मान हलवायला येऊ नका, पप्पा. ऐकायला येणार असाल तर या."

त्या दिवसापासून उदयसिंह मला रोज घालू लागले. सराव करत होते म्हणा ना. पाटाचे पाणी, एसटीचा हॉर्न, दूधवाल्याची हाक, सगळे पुन्हा ओळखीचे करून घेत होते. औंधात माझ्या बॅटऱ्या मिळत नाहीत. घरातल्या उरलेल्या त्यात संपत आल्या, पण काळजी नव्हती. सांगलीत जिनपालने दिवाळीतच एक आख्खे पाकीट घेऊन ठेवले होते.

जिनपाल हा उदयसिंहांचा वसतिगृहातला मित्र. सांगलीच्या विश्रामबाग भागात त्याचे शेतीच्या पाइपांचे दुकान आहे. तो जैन आहे आणि सूर्य मावळल्यावर काही खात-पीत नाही. त्यामुळे त्याला सगळेच उजेडी आणि वेळेआधी उरकायची सवय लागली आहे. सकाळच्या गाडीसाठी तो आदल्या दुपारी पिशवी भरतो. वसतिगृहात असताना परीक्षेच्या पेनात शाई आठवडाभर आधी भरून ठेवायचा आणि ऐन परीक्षेत ती वाळलेली असायची, असे उदयसिंह सगळ्यांना सांगतात.

कॉन्सर्टच्या दिवशी दोघे ऊन असतानाच मैदानावर पोहोचले. पोरापोरींची गर्दी जमू लागली होती. मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची माणसाहून उंच काळी खोकी रचली होती. जिनपालने ती न्याहाळली आणि विचारले, "मेजर, ह्या तोफा कुणावर डागणार रं?"

उदयसिंह म्हणाले, "तुझ्यावर. तू पुढं बस."

मग त्यांनी मागच्या बाजूला गवतावर फडके पसरले आणि जिनपालने स्टीलचा डबा उघडला. पातळ भाकरी, मुगाची उसळ, दही आणि शेंगदाण्याची चटणी. लसणाबिगर चटणी म्हणजे दारूगोळ्याबिगर तोफ, असे उदयसिंह पुटपुटले आणि तीच चटणी तीनदा मागून घेतली. शेजारच्या मुली कौतुकाने पाहत होत्या. सूर्य टेकायच्या आत जिनपालने शेवटचे पाणी प्यायले, डबा विसळला, रुमालाने कोरडा पुसला आणि झाकण लावले. त्याचा दिवस संपला होता. कार्यक्रम आता सुरू होत होता.

पहिला बँड वाजू लागला. मला तो गोंगाट पेलताना कष्ट पडत होते. पण मी एकेक वाद्य वेगळे करून कानात सोडत होते. उदयसिंहांची बोटे गुडघ्यावर हलायला लागली. आणि तेवढ्यात मला जाणवले की माझी शक्ती संपत आली आहे. स्वतःहून मला एकच गोष्ट सांगता येते, ती म्हणजे बॅटरी संपत आल्याचा बारीक सूर. तो मी वाजवला. उदयसिंहांनी शांतपणे जिनपालपुढे हात केला. जिनपालने खिशातून औषधाच्या गोळ्यांची छोटी डबी काढली. तिच्यात चकचकीत बॅटऱ्या होत्या, सगळ्या सुट्या.

मित्रांनो, इथे मला थोडे समजावून सांगावे लागेल. माझी बॅटरी हवेवर चालते. तिच्या पाठीवर बारीक भोके असतात आणि त्यांवर एक रंगीत चिकटपट्टी असते. पट्टी काढली की हवा आत शिरते आणि बॅटरी जागी होते. एकदा जागी झालेली बॅटरी परत झोपत नाही. वापरा किंवा नुसती ठेवा, काही आठवड्यांत ती संपतेच. जिनपालने दिवाळीतच, दुकानात भर उजेडात बसून, सगळ्यांच्या पट्ट्या सोलून टाकल्या होत्या. मित्राची बोटे जाड, अंधारात त्या चिकट कागदाशी कधी झगडणार, म्हणून.

पहिली घातली, मी गप्प. दुसरी घातली, गप्प. डबीतली प्रत्येक बॅटरी घालून झाली.

इथून पुढे मला ऐकू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी मिळाल्यावर दोघांनी हे सगळे दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितले, की मला ते पाठ झाले आहे.

जिनपालला आपली चूक कळली. पण सांगणार कसे? त्याने स्वतःकडे बोट केले आणि कान पकडले. उदयसिंह मंचाकडे बघत होते. एवढ्या मागे त्यांच्या कानात नुसती एकसारखी घरघर पोहोचत होती. तिच्यात गाणे कुठले, ड्रम कुठला, काही उमगत नव्हते. ते उठले.

"चल, गड्या. घरी जाऊ. तिला सांग, मेजर आलाच न्हवता."

जिनपाल हलला नाही.

"तिनं इचारलं तर मी पुन्यांदा मानच हलवणार. त्यापरीस न आलेला बरा."

जिनपालने उत्तर दिले असते तरी पोहोचले नसते. त्याने मला मित्राच्या तळहातावरून उचलले. हरवू नये म्हणून ठेवायला त्याच्याकडे एकच जागा होती. त्याने मला रिकाम्या डब्यात टाकले, झाकण लावले, डबा काखेत मारला, उदयसिंहांचे मनगट धरले आणि पोरांच्या गर्दीतून सरळ पुढे निघाला. कठड्यापाशी बिल्ला लावलेल्या एका मुलाने अडवले, काका, इथे आवाज फार मोठा आहे, म्हणाला. जिनपालने मंचाकडे बोट दाखवले. शिवांजली ड्रममागे येऊन बसत होती आणि कानात पिवळे बोळे घालत होती. ते ती कधी विसरत नाही. कुणाकडे बघून शिकली, ते तुम्हाला सांगायला नको.

"ती ह्यांची मुलगी हाय," जिनपाल म्हणाला. मुलगा बाजूला झाला.

दोघे त्या काळ्या खोक्यांच्या अगदी जवळ उभे राहिले. काखेत डबा अवघडला म्हणून जिनपालने तो मित्राच्या हातात दिला.

आणि मग मला ते कळले. कानाने नव्हे, अंगाने. मी डब्याच्या तळाशी पडले होते आणि तळ थरारला. मी उडाले, झाकणाला लागले, खाली आले. पुन्हा उडाले. जाड, खोल आवाज पोकळ स्टीलमध्ये शिरत होता आणि मला खड्यासारखा खुळखुळवत होता. उदयसिंहांनी दचकून डब्याकडे पाहिले. मग तो दोन्ही तळहातांत धरला. मग छातीशी घट्ट धरला. आता ठोका वेगळा आणि घरघर वेगळी झाली होती. तो ठोका कोण देते आहे ते समोर दिसत होते. शिवांजलीचा पाय खाली गेला की डबा त्यांच्या छातीत बोलत होता.

गाण्याच्या मध्यावर बाकीचे तिघे थांबले. ती एकटीच वाजवत राहिली, वेगाने, आणखी वेगाने. मी डब्यात एका जागी टेकत नव्हते. आणि मग तीही थांबली.

मी तळाशी पडले आणि निश्चल राहिले. इतकी शांतता मी खणातसुद्धा अनुभवली नव्हती. उदयसिंहांचा श्वास तेवढा डब्याला लागत होता, आणि तोही थांबला.

मग एकच ठोका आला. मी झाकणापर्यंत गेले.

कार्यक्रम संपल्यावर शिवांजली घामाने भिजलेली खाली आली. तिने आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, डाव्या कानाकडे पाहिले. कान रिकामा होता. तिच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. तिने बोळे काढून मुठीत धरले आणि मान खाली घातली.

उदयसिंहच बोलले.

"मधी तू थांबलीस," ते म्हणाले. "एवढा गलका, आन् तू थांबलीस. मला वाटलं, पोरगी इसरली. मग एकच हाणलास." त्यांनी डब्यावर बोटाने टिचकी मारली, ती थांबली होती तेवढेच थांबून, एकच. "तवा माझ्या छातीत परत चालू झालं."

शिवांजलीने मान वर केली.

"मान न्हाई हलवली मी. इचार जिनपालला."

तिने डबा घेतला, उघडला. आत मी होते, एका बाजूने खरचटलेली. तिने मला उचलले आणि वडिलांच्या कुशीत शिरली. जिनपाल पाणी पिऊ शकत नव्हता, म्हणून नुसताच खाकरत उभा होता.

मित्रांनो, तो ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे. तो घालवावा असे मला कधी वाटले नाही. मी समजत होते की त्या माणसाचे ऐकणे म्हणजे मीच. त्या संध्याकाळी मी गप्प असताना त्यांनी जे ऐकले, ते मला कधीही ऐकवता आले नसते.

आता मी म्हातारी झाले आहे, माझा आवाज मधूनच फाटतो. तरी मला रोज कापडाने पुसतात. परवा एका लग्नात फेटा बांधणाऱ्याला उदयसिंहांनी आधीच बजावले, ह्या कानावर कापड नको. त्याने कान मोकळा सोडून फेटा बांधला. तो थोडा वाकडा दिसला, पण मी शिट्टी वाजवली नाही.

आमच्यासारख्या मशिनी तुमच्या घरी असतील तर त्या खणात टाकू नका. बॅटरीची पट्टी घालायच्या वेळीच काढा. मोठ्या आवाजापाशी जाल तेव्हा शिवांजलीसारखे कानांत बोळे घाला. आणि आणखी एक. उदयसिंह हल्ली मान हलवत नाहीत. समजले नाही की सरळ म्हणतात, "परत सांग." हे म्हणायला त्यांना फार वर्षे लागली. तुम्हाला कोणी तसे म्हणाले, तर 'जाऊ दे, काही नाही' म्हणू नका. परत सांगा.