हदगाव अर्धंच राहिलं

त्या रविवारी शिवकन्या नांदेडहून लातूरला माहेरी आली, तेव्हा तिचे वडील अप्पा आणि बुद्धप्रिया संगणकापुढं बसले होते. मल्लिनाथअप्पांचा माती परीक्षणाचे अहवाल छापणारा प्रोग्राम औसा, किनवट, हदगाव अशा कितीतरी ठिकाणच्या खतांच्या दुकानांत चाले. कुठं जुनी विंडोज, कुठं नवी, एका दुकानात लिनक्स. एवढे संगणक कुठून आणायचे? म्हणून अप्पांनी एकाच संगणकाच्या पोटात सहा संगणक बसवले होते, नुसते सॉफ्टवेअरचे, पण हुबेहूब. त्यांना गावांचीच नावं होती. प्रोग्राममधला प्रत्येक बदल आधी या सहांवर चालवायचा, मगच गावाला धाडायचा.

बुद्धप्रिया आठ वर्षं त्यांच्या हाताखाली होती. अप्पा तिला एकच गोष्ट तीनदा समजावत, न चिडता. लहानपणी शिवकन्येचा पाढा चुकला की मात्र ते उठून जायचे. त्या रविवारी तिनं केलेली धपाटीही दोघांनी पडद्यावरची नजर न काढता खाल्ली.

"हदगाव रुसून बसलंय, कन्या," अप्पा म्हणाले, पण हसले बुद्धप्रियेकडं बघून.

शिवकन्या धड न बोलता पाचच्या बसनं परतली. सोमवारी पहाटे अप्पा झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी बुद्धप्रिया संगणक मागायला आली. हदगावच्या दुकानात अहवाल अडकले होते, पेरणी तोंडावर आली होती. संगणक घराबाहेर जाणार नाही, काय करायचं ते इथं बसून कर, असं शिवकन्येनं तिला तुटकपणे सांगितलं. बुद्धप्रिया मुकाट स्टुलावर बसली. अप्पांची खुर्ची तिनं मोकळी सोडली, आणि शिवकन्येला तेही खुपलं.

संगणकातलं हदगाव अप्पांनी बंद केलंच नव्हतं, मध्येच थांबवून ठेवलं होतं. थांबल्या क्षणाचं चित्र पडद्यावर आलं. अर्धवट ओळ, कोपऱ्यात तोच रविवार, पाच वाजून चाळीस मिनिटं.

"पुढं चालवलं की हे जाईल का?"

"जाईल, ताई. म्हणून आधी नक्कल काढते. ती तुमच्याजवळ ठेवा." नक्कल निघेपर्यंत बुद्धप्रिया बोटं चोळत राहिली. "तुम्ही गेल्यावर सरांचं लक्षच लागेना. कन्या रागावून गेली म्हणाले, आन् उठले. म्हणून तर अर्धं राहिलं."

शिवकन्या स्टुलाजवळ आली.

"मला तुझा हेवा वाटतो, बुद्धप्रिया. आठ वर्षं वाटतोय. अप्पांनी मला कधी शेजारी बसवलं न्हाई. पण मला बसायचं हाय, असं मी त्यांना एकदाबी म्हणले न्हाई."