जुन्या यादीवरच्या खेपा

"अजून किती येळ पडद्यावरची ती चकरी फिरणार हाय?" अव्वल कारकून ईश्वरप्पांनी महादेवीच्या खुर्चीमागून विचारलं.

कचेरीबाहेर पाण्याचे बावीस टँकर उभे होते. मे महिना, सोमवार, सकाळचे नऊ. छापील चिठ्ठीशिवाय एकही ड्रायव्हर किल्लीला हात लावत नव्हता. बिनचिठ्ठीच्या खेपेपायी दोघांना नुकतंच घरी बसवलं होतं.

"टँकर कुठं हाय ते दाखवणारा भाग चालू होईना. अन् त्यो झाल्याबिगर चिठ्ठीचा भाग उठत न्हाई."

"चिठ्ठीचा त्याच्याशी काय संबंध?"

"हेच मी मार्चात सांगत होते, काका. तुम्हीच म्हणलात, साहेबाला शहाणपण शिकवू नको."

"जिल्हा नवा झाला त्या साली लागलो मी. शाईच्या यादीवर टँकर सोडलेत," ईश्वरप्पा पुटपुटले.

नऊ वर्षं महादेवीने टँकर कक्ष चार लहान प्रोग्रॅमवर चालवला होता. एक गावं वाचायचा, एक खेपा लावायचा, एक चिठ्ठी छापायचा, एक नोंद ठेवायचा. एक बंद पडला तरी बाकीचे चालत, आणि चूक साध्या मजकुरात डोळ्यांनी वाचता येई. एप्रिलपासून सगळं एका नव्या सिस्टिममध्ये गुंफलं गेलं होतं. बिघाडाची नोंदसुद्धा ती सिस्टिम चालू झाल्याशिवाय उघडत नव्हती. पुण्याचा इंजिनियर फोनवर म्हणाला, परवा येतो, तोवर हात लावू नका.

महादेवीने कपाटामागचा जुना संगणक ओढून काढला. अकरा मिनिटांत चिठ्ठ्या बाहेर पडू लागल्या.

"म्हातारी नव्या सुनंपेक्षा कामाची निघाली की!" एक ड्रायव्हर ओरडला. सगळे हसले, महादेवीही हसली. दुसऱ्या दिवशीही टँकर तिच्याच चिठ्ठ्यांवर सुटले. दुपारी तिने इंजिनियरला फोन करून सुनावलं, "एकानं एकच काम करावं, साहेब. तेवढंच नीट होतं."

तिसऱ्या दिवशी इंजिनियरने सिस्टिम उठवली. पडद्यावर एक ओळ लाल होती. खडकवाडी. दोन दिवस खेप नाही.

वाडीला टँकरची मंजुरी एप्रिलअखेर मिळाली होती. नाव महादेवीनेच भरलं होतं, नव्या सिस्टिममध्ये. जुनी यादी मार्चातच थांबली होती, आणि चिठ्ठ्या काढताना तिने यादीची तारीख पाहिली नव्हती.

तासाभरात वाडीहून फोन आला. यशोदाबाई नावाची बाई दोराला धरून कोरड्या विहिरीत उतरली होती, तळाचा गाळ खरवडायला. दोर तुटला. ती जागीच गेली.

"सिस्टिम बंद व्हती, एवढंच लिही," ईश्वरप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "खोटं न्हाई ते. तुझी नोकरी कंत्राटी हाय, बाई."

महादेवीने अहवालात लिहिलं, 'यादी जुनी होती. मी ती न तपासता वापरली.' खाली सही केली.

दुसऱ्या सकाळी ती टँकरमध्ये बसून खडकवाडीला गेली. यशोदाबाईचा नवरा सटवाजी रस्त्याकडेला उभा होता. घागरींची रांग पार मारुतीच्या ओट्यापर्यंत गेली होती.

"चिठ्ठ्या मी काढल्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्या वाडीचं नाव माझ्याकडून राहिलं."

सटवाजीने तिच्याकडे पाहिलं, मग नळीकडे. नळी एकेक घागर भरत त्याच्यापर्यंत आली. त्याच्या पायाशी दोन घागरी होत्या. पहिली भरली. दुसरीपाशी ड्रायव्हर थबकला आणि त्याने पाणी बंद केलं.

"तिचीबी भरा," सटवाजी म्हणाला. "सोमवारी रांग तिनंच लावली व्हती."