खोडताना एकच रेघ

वर्गाच्या भिंतीवर एकाच टाचणीला लटकलेली ही मी, एक चिठ्ठी, बोलतेय. पंखा सुरू झाला की फडफडते, बंद झाला तरी माझा कोपरा हलतच राहतो. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. आज तर जिवाला थारा नव्हता.

माझा जन्म जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूतून झाला. पाठीवर अजून कुठल्याशा महिन्याचा एक आठवडा आहे. वर्गाच्या बाईंनी आम्हा चिठ्ठ्यांना तळहाताएवढं कापलं. "एका चिठ्ठीवर एकच गोष्ट," त्या म्हणायच्या. "पाणी पिऊन येता येता वाचून झाली पाहिजे. निबंध नकोत." चिठ्ठी कुणीही लिहावी, खाली कुणीही भर घालावी. मोजल्याशिवाय किंवा तपासल्याशिवाय मात्र खोडायचं नाही. आणि खोडताना एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. "आधी आपण काय समजत होतो, तेही कळू दे की पुढच्याला."

माझ्या बहिणी भराभर वाढल्या. 'मुंग्या रांगेत का जातात' हिच्याखाली तर इतक्या जणांनी लिहिलं, की तिला खालून दुसरा तुकडा जोडावा लागला. माझ्यावर एकच ओळ होती, बाईंच्या तिरप्या अक्षरातली: 'सावली दुपारी बरोबर बारा वाजता सर्वांत लहान असते.'

"पण बाई, तसं नसतं," एक मुलगी म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं, म्हणून सगळे तिला पणबाई म्हणतात. "बारानंतरही लहान होते. मी पाहिलंय."

"पाहिलंस, की मोजलंस?" बाई हसल्या. "मोजून ये. मग खुशाल मार माझ्या ओळीवर रेघ."

ती मोजून आली, त्या दिवशी बाई आल्या नव्हत्या. नंतर त्या आल्याच नाहीत. आजारपण साधं वाटलं होतं सगळ्यांना. त्यांची छत्री कोपऱ्यात तशीच राहिली. ती कुणी उचलायची, हे कुणालाच ठरवता येईना.

त्यानंतर माझ्याजवळ कुणी पेन आणलं नाही. माणसांचं हे मला उमगत नाही. माणूस असतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालतात, आणि गेला की त्याच्या वस्तूंसमोरसुद्धा हळू आवाजात बोलतात. भिंत पुसणारं फडकं मला वगळून फिरायचं. पणबाई यायची, बघायची, निघून जायची. खालची कोरी जागा मला खाजेसारखी छळायची.

आज नवे सर प्लास्टिक चढवायचं यंत्र घेऊन आले. भला माणूस. "बाईंचं अक्षर आहे, जपून ठेवू या," म्हणत त्यांनी मला टाचणीवरून काढलं. यंत्र तापू लागलं. एकदा आत गेले, की माझ्यावर कुणाला काही लिहिता येणार नव्हतं.

"पण सर... ते चुकलंय."

सगळ्यांच्या माना पणबाईकडे वळल्या.

"गप गं!" शेजारची मैत्रीण कुजबुजली. "गेलेल्या माणसाच्या चुका काढतात का?"

"बाईंनीच सांगितलं होतं काढायला."

सर अवघडले. "तू म्हणतेस म्हणून बाईंच्या अक्षरावर रेघ मारू द्यायची?"

"पण मी म्हणते म्हणून नकोच. बाहेर चला, मोजू. आता बाराच वाजतायत."

"अगं, ऊन किती आहे!"

"मग सावली काय ढगात मोजायची, सर?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

मैदानात खांबाच्या सावलीच्या टोकाशी बाराला खडूची खूण झाली. सगळे घामाघूम, पण जागचं कुणी हललं नाही. मी सरांच्या मुठीत चुरगळत होते. हळूहळू सावली खुणेच्या आत सरकली. दोन बोटंच, पण सरकली. सरांनी पुन्हा मोजलं. मग मला सरळ करून खिशातल्या पेनासकट पणबाईच्या हाती दिलं.

एकच पातळ रेघ. तिच्याखालून बाईंचं अक्षर स्वच्छ दिसत होतं. खाली तिनं लिहिलं: 'मोजलं. बारानंतरही लहान होत जाते. बाई, बघा.'

वर्गात परतल्यावर सरांनी यंत्र बंद केलं.

"पण मग घड्याळ चुकतं की सूर्य?" मैत्रीण म्हणाली.

"घ्या, ही दुसरी पणबाई!"

आता मी पुन्हा टाचणीवर आहे. नवा प्रश्न माझ्या कडेला लिहिलाय, उत्तर अजून नाही, आणि मी फडफडतेच आहे. वाचणाऱ्यांनो, मला जपायचंच असेल, तर माझ्याशेजारी एक पेन टांगून ठेवा.