एकवीस वर्षांचा पातेरा

कातळसखी बागायतदार संस्थेच्या माती परीक्षण केंद्रात फक्त एक गोष्ट कुणाला नको होती, ती म्हणजे माती. पावसाळ्यात ती बुटांना लागायची, उन्हाळ्यात फायलींवर बसायची. नवे सचिव हर्षदराव यांच्या पांढऱ्या गाडीवर तर तिचा विशेष डोळा होता.

गुरुप्रसाद या केंद्रातला प्रयोगशाळा सहायक, मार्चअखेर निवृत्त होणारा. केंद्राच्या मागे खोलीएवढ्या तुकड्यावर त्याने एकवीस वर्षं एक अजब उद्योग चालवला होता, तो म्हणजे काहीही न करण्याचा. फणसाचा, काजूचा पातेरा पडेल तो पडू द्यायचा, कुजेल तसा कुजू द्यायचा. आता वाळकी पानं दिसली की ती गोळा करून भाजावळीला जाळायची, भातरोपांसाठी जमीन भाजून घ्यायची, ही इथली रीत. त्यात हा उंटावरचा शहाणा पातेरा राखत बसलेला! लोक हसले, हसून दमले. हा मात्र दर फेब्रुवारीत वीतभर खोल माती काढून तिच्यातला कर्ब मोजायचा. झाडाने हवेतून घेतलेला आणि पानांवाटे मातीत मुरलेला तो कर्ब अर्ध्या टक्क्यावरून जवळजवळ दोन टक्क्यांवर आला होता. बाविसावी नोंद करायची आणि वही पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, एवढंच त्याला हवं होतं. मुलीच्या लग्नातसुद्धा या माणसाचा जीव इतका अडकला नव्हता, असं त्याची बायको दीपाली चारचौघांत सांगायची.

आणि संस्थेला ‘कर्ब वाचवा’ पंधरवड्याच्या उद्घाटनाचा मान मिळाला. मुंबईहून मोठे पाहुणे येणार म्हटल्यावर हर्षदरावांनी आधी आवार फरसबंद करायला घेतलं.

“साहेब, मागचा तुकडा तेवढा तसाच ठेवा,” गुरुप्रसाद अर्ज घेऊन गेला.

“काका, तसाच ठेवण्यावर खर्च काय दाखवू? अनुदान परिसर सुधारणेचं आहे. न सुधारण्याचं असतं, तर तुम्हालाच दिलं असतं.”

गुरुप्रसाद भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस राजापूरला गेला आणि परत येऊन बघतो तर परिसर सुधारला होता. जेसीबीने वरची हातभर माती खरवडून मिरजोळ्यात कुठल्याशा गोदामाच्या भरावाला नेली होती. खाली खडी, वर पेव्हर ब्लॉक, तेही हिरव्या रंगाचे, कारण विषय पर्यावरणाचा. घरातलं माणूस आपल्याला न सांगता स्मशानात पोचवून यावं, तसं गुरुप्रसादला झालं.

“काका, यंदाचा आकडा द्या, फलकावर टाकायचाय,” हर्षदराव म्हणाले. “एकवीस वर्षांत चौपट, असं काहीतरी.”

गुरुप्रसादला खोटा आकडा लिहिता येत नव्हता. नोकरीत वर चढला नाही तो याच दोषामुळे. त्याने एक ब्लॉक उचकटला, खडीखालचा मुरूम काढला, मोजला आणि आला तो आकडा संगणकात भरला: एकदशांश टक्का. संगणकाने नेमाने शिफारस छापली, ‘कर्ब अत्यल्प. ताबडतोब भरपूर शेण व पालापाचोळा घालावा.’ हर्षदरावांनी गठ्ठ्यातल्या इतर कागदांसोबत तीही न वाचता सही करून मोकळी केली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सही झाली म्हणजे अंमल आलाच. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरभर ओलं शेण हिरव्या ब्लॉकांवर येऊन पडलं.

सकाळी केर काढायला आलेल्या मैनाने ते पाहिलं, पदर खोचला आणि दोन तासांत सगळी फरसबंदी सारवून टाकली. वर रांगोळीही घातली.

“हे काय केलंस?” हर्षदराव किंचाळले.

“सायबांनीच शेण मागवलानी न्हवं? कार्य आसलं की आंगन सारवतात. चुकलं काय वो?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता, गाडी आलीच. पाहुण्यांनी सारवण पाहिलं, बूट काढले आणि अनवाणी फोटो काढून घेतला. “मातीशी नातं जपलंत!” ते गहिवरून म्हणाले. हर्षदरावांनी अतिशय नम्रपणे मान झुकवली. मैनाला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

मग पाहुण्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या, तुकडा कधीपासून राखलाय ते सांगणाऱ्या जुन्या फलकावर गेली. “एकवीस वर्षं राखलेला तुकडा कुठेय? तो दाखवा.”

सगळे गुरुप्रसादकडे बघू लागले.

“तुम्ही त्याच्यावरच उभे आहात, साहेब. माती मिरजोळ्यात भरावात गाडलीय. वरून आता पान पडणार नाही, उपसताना उघडा पडला तो कर्ब हवेत जाणार.”

पाहुण्यांनी खाली शेणाकडे पाहिलं आणि पाय जरा आखडले. “असं कसं? परत आणा.”

“हो, सर! उद्याच डंपर लावतो,” हर्षदराव म्हणाले.

उभ्या नोकरीत गुरुप्रसाद साहेबांपुढे मोठ्याने बोलला नव्हता, तो आज बोलला. “माती आणाल हो. तिला तशी व्हायला लागली ती एकवीस वर्षं कुठून आणाल?”

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. हर्षदराव पुढे झाले, गुरुप्रसादच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले,

“काका, ती एकवीस वर्षं मार्चअखेरपर्यंत होतात का बघा. निधी परत जातो.”