खोटं हिरवं

गोरेतीची पाठ सरळ होती, दात पांढरे होते आणि तिच्या मुलांत चार-चार वर्षांचं अंतर होतं. पहिल्या दोन गोष्टी फेलिस्ताने कधीच माफ केल्या असत्या. तिसरी मात्र तिच्या डोळ्यांत खुपायची. देवळात दर दोन-तीन महिन्यांनी सिस्टर इमाकुलाता गोरेतीचं उदाहरण द्यायची, "हे बघा, गोळी नाही, सुई नाही, नुसता तक्ता आणि संयम," आणि बायका माना वळवून गोरेतीकडे बघायच्या. मग त्यातल्या दोघी-तिघी हमखास फेलिस्ताकडेही बघायच्या. तिला सात वर्षांत चार मुलं झाली होती, आणि तीही तोच तक्ता भिंतीला लावून.

तक्ता साधा होता. रक्ताच्या दिवशी लाल तिकीट, कोरड्या दिवशी हिरवं, मूल राहू शकतं त्या ओलसर दिवसांना बाळाचं चित्र असलेलं पांढरं. खूण बायकोने ओळखायची, तिकीट तिनेच चिकटवायचं, आणि पांढरं दिसलं की नवऱ्याने लांब राहायचं. फेलिस्ताचा नवरा कायोंडो राहायचा. पांढरं तिकीट दिसलं की गडी एक शब्द न बोलता टोपी घालायचा आणि ओम्वेसो खेळायला सेब्बोवाच्या ओसरीवर जायचा. पटाच्या खळग्यांतून बिया फिरवत बसायचा ते जेवायची वेळ टळेपर्यंत.

आता हा सेब्बोवा कोण, तर गोरेतीचा नवरा. आणि ओसरीवर चहा कोण आणून देणार, भुईमुगाच्या शेंगा कोण भाजून देणार? गोरेतीच. महिन्यातले आठ-नऊ दिवस आपला नवरा त्या बाईच्या हातचा चहा पितो, आणि नेमके तेच आठ-नऊ दिवस, ज्या दिवसांत घरी त्याला उपास, या विचाराने फेलिस्ताचा जीव जळायचा. चुलीवरचं केळ्यांचं मटोके करपायचं आणि तिला वासही यायचा नाही.

म्हणून तिने एक वेडेपणा केला. पांढऱ्याच्या जागी हिरवं चिकटवलं. एकदा केलं, खपून गेलं. मग पुन्हा केलं. कायोंडो घरी थांबला, हसला, मुलांना पाठुंगळी घेतलं, आणि गोरेतीचा चहा गेला उडत. फेलिस्ताला वाटलं, जिंकले. तिसऱ्या महिन्यात लाल आलंच नाही.

तो चौथा, लुबेगा, आता पाच महिन्यांचा होता. त्याच्या पायगुणाने घरात निराळीच आग लागली, कारण कायोंडो हिशेबी माणूस होता. तो तक्त्यासमोर उभा राहून बोटाने दिवस मोजायचा. एके दिवशी त्याने मोजता मोजता विचारलं, "नाकायेची आई, मी एकही पांढरा दिवस मोडला नाही. हो ना?"

"नाही मोडलात."

"मग हा कुठून आला?"

 दारात बसलेल्या सासूने तेवढ्यात तोंड घातलं, "कान बघ ना त्याचे. आपल्यात कुणाचे आहेत असे कान? मी तर म्हणते, नाळ टाकून बघू. पुढच्या रविवारी बोलावते सगळ्यांना."

घट्ट विणलेल्या टोपलीत पाणी भरून त्यात वाळलेली नाळ सोडायची, तरंगली तर पोर आपलं, बुडाली तर परक्याचं. पाद्रींना ही रीत खपत नाही, म्हणून ती मागच्या अंगणात करतात. फेलिस्ताला तरंगण्याची काळजी नव्हती, पोर त्याचंच होतं. तरी रात्रंदिवस तिला तुपाचा डबा आठवू लागला, कारण नाळ बुडू नये म्हणून भ्यालेल्या बायका तिला तूप चोपडतात हे तिलाही ठाऊक होतं. सासू बोलली याचंही तिला काही वाटलं नाही. सासवा बोलतातच. कायोंडो "नको" म्हणाला नाही, ते लागलं.

खरं सांगून टाकायचं, एवढं सोपं होतं. पण काय सांगणार? गोरेतीच्या चहावर जळून मी तिकीट बदललं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं.

रविवार उजाडला. प्रार्थनेनंतर देवळाच्या सभागृहात जोडप्यांची बैठक होती, आणि सासूने दुपारी पाहुणे बोलावले होते. भजनाच्या आधी मागच्या खोलीत बायका गोमेसी, म्हणजे सणाचे पायघोळ झगे, घालत होत्या. गोरेतीने फेलिस्ताकडे खांदा केला. "अगं, एवढी बटणं लाव ना, हात पोचत नाही."

फेलिस्ताने बटणं लावली, फुगीर बाही सारखी केली, आणि दंडाच्या आतल्या बाजूला तिचं बोट थबकलं. कातडीखाली काडी होती. आगपेटीच्या काडीएवढी, गुळगुळीत. सरकारी दवाखान्यातली नर्स बायकांना दाखवते तीच, तीन वर्षं मूल होऊ न देणारी.

गोरेतीने झटकन हात ओढून घेतला.  मग बाहेर ढोल वाजला आणि गोरेती निघून गेली.

फेलिस्ताच्या अंगात आनंद असा भरला की भजनात तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. संयम म्हणे! चार-चार वर्षांचं अंतर म्हणे! आणि तिला लगेच कळलं की हाती नुसतं गुपित नाही, सुटका आली आहे. तक्त्याची राणीच जर तक्त्यावर विश्वास ठेवत नाही, तर तक्ता फसवा ठरतो. तक्ता फसवा ठरला की लुबेगा आला त्याचं नवल उरत नाही. खोटं हिरवं कुणी शोधायलाच जाणार नाही.

सभागृहात सिस्टरने भिंतीवर गोरेतीचा तक्ता लावला होता. लाल, हिरवं, पांढरं, सगळं ओळीने, जणू शाळेतल्या हुशार पोरीची वही. गेल्या पावसाळ्यात गोरेती मलेरियाने पंधरा दिवस पडून होती, तरी एक तिकीट इकडचं तिकडे झालं नव्हतं. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही, म्हणून फेलिस्ता स्वतःवरच चिडली.

तेवढ्यात कायोंडो उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "सिस्टर, मला एक सांगा. नवरा सगळे दिवस पाळत असेल तर मूल होतं का?"

"नीट पाळलं तर सहसा नाही, कायोंडो."

"मी पाळलं. एकूण एक. तरी झालं." त्याचा आवाज फाटला. "मग मी काय समजायचं?"

 बायकांच्या नजरा फेलिस्ताच्या पाठीवर बांधलेल्या लुबेगाच्या कानांवर गेल्या. फेलिस्ता उठली.

"सिस्टर, आधी गोरेतीला विचारा, तिच्या दंडात..."

गोरेतीने बाही मुठीत धरली. पण तिने ना फेलिस्ताकडे पाहिलं, ना सिस्टरकडे. तिने शेजारी बसलेल्या सेब्बोवाकडे पाहिलं. मार चुकवणारं पोर बापाच्या हाताकडे बघतं, तसं.

फेलिस्ताने ते पाहिलं. जिचा नवरा थांबतो ती बाई दंडात काडी कशाला घालेल? आणि नवऱ्यापासून ती लपवेल कशाला?

"दंडात काय?" सेब्बोवाने विचारलं.

"दंडात जोर आहे तिच्या," फेलिस्ता म्हणाली. "शेंगा भाजून, चहा ओतून. माझा नवरा तिथे जाऊन बसतो ना, पांढऱ्या दिवशी. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी पांढऱ्याच्या जागी हिरवं चिकटवलं. त्याने पाळलं, सिस्टर. खोटं मी केलं."

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं सभागृह हसत सुटलं. सिस्टरने टाळ्या वाजवल्या, कुणी ऐकेना. कायोंडो टोपी घालून बाहेर निघून गेला.

फेलिस्ता मागच्या खोलीत गेली, तशी गोरेती तिच्या पाठोपाठ आली. फेलिस्ताला वाटलं, आभार मानेल. तिने मानले नाहीत.

"तुझा थांबतो," गोरेती म्हणाली. "माझ्याकडे कुणी एक दिवस थांबलं नाही गं. तक्ता मी महिनाअखेरीला एका बैठकीत भरते. तुझा नवरा ओसरीवर त्या बिया मोजत बसायचा ना, पाय आखडून, घराकडे बघत, तेव्हा चहा ओतताना वाटायचं, तो गरम चहा तुझ्या अंगावर ओतावा."

फेलिस्ताला तिची दया यायला हवी होती. ती आलीही, पण नंतर. आधी तिला बरं वाटलं, पोटभर जेवल्यासारखं बरं.

बाहेर कायोंडो सायकल धरून उभा होता. त्याने लुबेगाचे कान बघितले, मग तिच्याकडे बघितलं. "आईला सांगतो, पाहुण्यांना जेवू घाल आणि परत पाठव. नाळ कुठेही टाकायची नाही." सायकल वळवत म्हणाला, "आज रंग कोणता?"

 सेब्बोवाची ओसरी वाटेवरच होती.

"पांढरा," ती म्हणाली. "जा तुम्ही. खेळा."

"आज नाही जात," कायोंडो म्हणाला. "आज घरी बसून तुझ्याशी भांडायचंय."

फेलिस्ता सायकलच्या मागे बसली आणि तिने त्याच्या सदऱ्याला घट्ट धरलं.