पेंटरच्या बोटातली साखर

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटातल्या थेंबभर रक्तावरून साखर किती ते सांगायचं, एवढंच माझं काम. ते मी इमानाने केलं. तरी माझाच दाखला देऊन एका शहाण्याने स्वतःचा जीव धोक्यात घातला, आणि खोटा ठरलो मी! संताप येणार नाही तर काय?

कारखान्यातून निघून मी एका पेंटरच्या घरी आलो. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा, असा हात! त्याला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वेळेवर जेवायला बजावलं. सुरुवातीला माझे काय लाड! त्याची बायको मला मऊ फडक्याने पुसून खणात ठेवायची.

मग सुट्टीच्या दुपारी तिचा भाऊ बाटली घेऊन यायला लागला. एकदा पिऊन झाल्यावर पेंटरने सहज बोट टोचलं. आकडा नेहमीपेक्षा खाली!

"बघ, दारूने साखर उतरते!"

"मग दाजी, हेच तुमचं औषध," मेहुणा खिदळला.

झालं, माकडाच्या हाती कोलीत! पेंटर आल्यागेल्याला माझा आकडा दाखवू लागला. वर आणखी अक्कल पाजळली. प्यायची म्हणून जेवणच सोडायचं. म्हणे, ताटातलं कमी केलं की पेल्यातलं भागतं! गोळी मात्र न चुकता घ्यायचा, त्याची भारी शिस्त! मेहुणा तर माझ्या डबीवरच पेला ठेवायचा. त्या ओल्या पेल्याचा गोल डाग अजून आहे. मला तोंड असतं तर दोघांना चांगलं फैलावर घेतलं असतं.

एका रविवारी दोघे दुपारी प्यायला बसले. पेंटरच्या पोटात सकाळपासून गोळीशिवाय काही नव्हतं. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा तो खुर्चीत घामाने निथळत होता आणि काहीतरी असंबद्ध बरळत होता.

"जरा जास्त झालीय, ताई," मेहुणा म्हणाला. "झोपू दे. उतरली की उठतील दाजी."

तिलाही आधी तसंच वाटलं. चादर घालताना तिने त्याचा हात धरला. तो गार पडला होता आणि लटलट कापत होता. कितीही प्याला तरी हा हात असा कधी कापला नव्हता. तिने मला खणातून काढलं आणि बोट टोचलं. एक्केचाळीस! सत्तरच्या खाली गेलं तरी धोका असतो.

"छे, जुनं यंत्र आहे, बिघडलंय," मेहुणा म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"बिघडलायस तू!" ती कडाडली. "पळ, साखर आण!"

तिने नवऱ्याला नीट बसवलं. तो गिळू शकतोय हे पाहून साखरेचं पाणी घोट घोट पाजलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या येईपर्यंत त्याने डोळे नीट उघडले होते.

"अहो, उपाशीपोटी आपलं यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, म्हणून आपण तग धरतो," बाई म्हणाल्या. "दारू आली की ते आधी तिच्यामागे लागतं. साखर सोडणं थांबतं, आणि तुमची गोळी तर रक्तातली साखर आणखी खाली ओढते. कधी दारू गोड पेयातून घेतली तर साखर आधी चढते आणि काही तासांनी उतरते. याला औषध म्हणता? तुम्हाला तसंच झोपू दिलं असतं तर कदाचित उठला नसतात."

पेंटर आपल्या हाताकडे बघत राहिला.

मित्रांनो, आता तो वेळेवर जेवतो, आणि मी पुन्हा फडक्यात आहे. पण राग गेलेला नाही. माझा आकडा फक्त त्या घडीचा असतो. त्याला दारूचं प्रशस्तिपत्र बनवू नका. आणि मधुमेहाचा माणूस असा कोसळलेला दिसला, तर त्याच्या तोंडाचा वास घेत बसू नका. आधी त्याचं बोट टोचा.